मागून चालणारी

घरी टीव्ही पाहायला आलेल्या शेजारच्या चष्मेवाल्याच्या चहावर साय धरली होती, तरी त्याची नजर टीव्हीवरून हलेना, हे आत्याने टिपलं. त्याने तिला लग्नाचं विचारून वर्ष झालं होतं. तिचं उत्तर अजून ओठांतच होतं.

टीव्हीवर ग्रीक कथेतला गायक मेलेल्या बायकोला पाताळातून परत आणत होता. ती मागून चालत होती. त्याने वळून पाहायचं नाही, एवढीच अट.

“वळू नकोस रे!” सगळं घर ओरडलं. तो वळलाच, अन् ती नाहीशी झाली.

“चूक तिची!” आत्या उसळली. “‘आहे मी मागे’ एवढं बोलायला काय झालं होतं?”

भाची खो खो हसली. “तू तरी कुठे बोलतेस गं? काका वर्षभर ताटकळलेत!”

आत्याची कानशिलं तापली. मग तीही हसली आणि चष्मेवाल्याला म्हणाली, “अहो, करू या लग्न.”