जनार्दनरावांची तक्रार

“यात विष आहे!” जनार्दनरावांनी चमचा हाताने उडवला. दुधात कालवलेली तपकिरी पावडर चादरीवर सांडली.

“अहो, औषध आहे. शशिकांतभाऊजींनी आणलंय.”

“तू कोण सांगणार? माझ्या बायकोला बोलाव.”

प्रमोदिनीबाईंनी चादर बदलली. विसरण्याच्या आजारात माणूस घरच्यांवरही संशय घेतो, असं डॉक्टर म्हणाले होते. पण बाई स्वतः काही कमी संशयी नव्हत्या. झाशीच्या कचेरीत तीस वर्षं त्यांनी नकला मुळाशी ताडून पाहिल्या होत्या. मोबाइलवर खोबरेल तेलाचे, बदामाचे उपाय आले की त्या विचारत, ‘हे म्हटलं कोणी?’ उत्तर मिळालं नाही की पुसून टाकत.

या पावडरीचा मात्र गुण दिसत होता. दिवसभर येरझारा घालणारे जनार्दनराव पहिल्याच दिवसापासून गाढ झोपू लागले होते. बाईंचीही पाठ टेकली होती. आता त्यांना त्या गाढ झोपेचाच संशय आला.

“वहिनी, भैयांचं ऐकून औषध बंद करणार?” दीर चिडले. “त्यांना तुमचं नावसुद्धा आठवत नाही!”

“नाव आठवत नाही. जिभेची चव गेलेली नाही.”

दुसऱ्या दिवशी त्या पावडर देणाऱ्या, दतिया गेटजवळच्या वैद्याकडे गेल्या.

“इसमें क्या-क्या है?”

“जड़ी-बूटी है, बहनजी. विश्वास रखिए.”

“लिखकर दीजिए.”

वैद्य हसला. लिहून मात्र त्याने दिलं नाही.

बाईंनी पुडी डॉक्टरांकडे नेली, तपासायला पाठवायला लावली. पंधरा दिवसांनी कागद आला. तारीख, शिक्का, सही, सगळं पाहून त्यांनी तो दोनदा वाचला. पावडरीत झोपेच्या गोळ्या कुटून घातल्या होत्या.

“एखाद दिवशी उठलेच नसते,” डॉक्टर म्हणाले.

घरी जनार्दनराव पुन्हा येरझारा घालत होते. बाई त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या.

“तुमचं खरं होतं. मीच चुकले. त्यात गोळ्या होत्या.”

“कशात?”

जनार्दनरावांनी बाईंकडे निरखून पाहिलं, खुर्ची पुढे ओढली आणि पदराच्या टोकाने हळूच तिच्यावरची धूळ पुसली. पदर बाईंचाच होता.

“बसा ना,” ते म्हणाले. “फार दमलेल्या दिसता.”

बेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोला प्रथमच ‘बसा’ म्हटलं होतं. प्रमोदिनीबाई बसल्या.