चांगले दिवसही सांगा

धाकट्या भावाला घेऊन ताई दवाखान्यात आली तेव्हा तिला एकच धास्ती होती: हा मामाच्या वाटेने तर चालला नाही ना? सुतारकामात ज्याचा हात धरणारं कोणी नव्हतं, तो आता अंथरूण सोडत नव्हता. रंध्याला गंज चढला होता. आई तर म्हणून बसली होती, "रक्तातच आहे ते."

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "मामांचं कसं सुरू झालं?"

"कॉलेजात असताना. आधी मित्र तुटले, मग आंघोळ सुटली. पुढे भिंतीतून कोणी बोलतंय म्हणायला लागला. पहिल्यासारखा झालाच नाही."

"आणि यांचं? मधे पूर्ण बरे असतात?"

"असतो की. मागच्या वर्षी तर..." ताई अडखळली. तो काळ म्हणजे घराचा अभिमान. आजाराच्या रडगाण्यात तो कशाला?

"चांगले दिवसही सांगा." बाहेर रांग खोळंबली होती, पण बाईंना घाई नव्हती.

मग ताईने सांगितलं. झोपेला सुट्टी, तोंडाला विश्रांती नाही. अख्ख्या गल्लीला फुकट खुर्च्या करून दिल्या, कारखान्याचे बेत आखले. "आम्ही म्हटलं, गाडी रुळावर आली."

"तिथेच तर मेख आहे," बाई म्हणाल्या. "नुसती उदासी समजून तेवढंच औषध दिलं असतं, तर हे पुन्हा तसेच हवेत उडाले असते. मामांचा स्किझोफ्रेनिया वेगळा, हा बायपोलर वेगळा. यात चढ असतो, उतार असतो, मधे माणूस आपला असतो. मन तोलून धरणारी गोळी देते. अधूनमधून रक्त तपासायचं. आणि झोप उडाली की लगेच कळवायचं, रडण्याची वाट बघायची नाही."

आजवर जो तो दुखणं विचारत होता. या बाईने खुशाली विचारून दुखणं पकडलं होतं.

धाकटा पहिल्यांदाच बोलला. "म्हणजे त्या खुर्च्या आजाराने केल्या?"

"डुगडुगतात?"

"माझ्या हातच्या?" तो दुखावला.

"मग तुमच्याच. आजाराने फक्त झोप नेली."

निघताना तो बसल्या खुर्चीचा पाय चाचपून म्हणाला, "हिचा सांधा सुटलाय, बाई. आज अंगात जीव नाही. पुढच्या खेपेला बघतो."

"बघ ना," ताई म्हणाली, "पण आदल्या रात्री झोपून."