‘मूव्ह’च्या आधीची आडवी रेघ

मी एक जुनी कमांड लाइन आहे. मित्रांनो, इमारतींचे नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये पडद्याच्या अगदी तळाशी तीन ओळींची एक पट्टी असते, ती मी. माझ्यात हुकूम टाइप करायचा, मग मी विचारायचं: कुठून? कुठवर? किती? केलेल्या कामाची नोंदही मीच ठेवते. सॉफ्टवेअर बंद केलं की ती पुसली जाते, म्हणून आत्ताच सांगून टाकते.

मला कुणी घडवलं, ठाऊक नाही. पण आले तेव्हा काय थाट होता माझा! सगळे माझ्या तोंडाकडे बघत. पुढे चित्रांची बटणं आली आणि मला कुणी विचारेना. राहिले फक्त आमचे ड्राफ्ट्समन काका. डावा हात कीबोर्डवर, उजवा माउसवर. बटणांच्या वाटेला ते कधी गेलेच नाहीत. काही सरकवायचं तर ‘एम’ टाइप करायचं, एंटर मारायचं आणि मी काय म्हणते ते ओठ हलवत वाचायचं. "बोल बाई," म्हणायचे मला. बत्तीस वर्षांत त्यांचं एकही ड्रॉइंग साइटवरून परत आलं नव्हतं. एवढा एकच अभिमान त्यांना होता.

सोमवारी काका जेवायला गेले आणि साहेब त्यांच्या खुर्चीत बसले.

"ही पट्टी कशाला मध्ये लुडबुडते?" म्हणत त्यांनी मला लपवलं. बटण दाबून एका शाळेचा जिना दीड फूट सरकवला. नकाशाचा प्रत्येक भाग आपापल्या लेयरवर, म्हणजे थरावर असतो. जिन्यावरच्या तुळईची लेयर लॉक होती, त्यामुळे तुळई जागची हलली नाही. मी तसं लिहिलं: ‘एक वस्तू लॉक केलेल्या लेयरवर होती.’ पण वाचतंय कोण, कप्पाळ! साहेबांनी प्रिंट मारली आणि साइटवर धाडून दिली.

तिसऱ्या दिवशी साइटवरून फोन आला. जिना चढताना तुळई डोक्याला लागतेय, सगळं सेंटरिंग, म्हणजे काँक्रीटसाठी ठोकलेला फळ्यांचा साचा, खोलावं लागणार. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात नाव काकांचं. साहेबांनी शाळेला पत्र लिहिलं: ड्राफ्ट्समनची चूक.

सोमवारपासून सॉफ्टवेअर बंद झालंच नव्हतं; काकांनी मला पुन्हा पडद्यावर आणलं आणि माझी जुनी नोंद उघडली. एकेक ओळ वाचत वर गेले आणि थांबले. मग त्यांनी साहेबांना बोलावलं.

"हे बघा साहेब. मी ‘एम’ टाइप केलं की नोंदीत नुसतं ‘मूव्ह’ उमटतं. बटण दाबलं की आधी आडवी रेघ येते. इथे रेघ आहे."

साहेबांचे कान लाल झाले. "पत्र गेलं हो, काका. आता कशाला उकरून काढता?"

"बरं," काका म्हणाले.

मला वाईट वाटायला हवं होतं. काहीच वाटलं नाही. घडेल ते लिहायचं, इतकंच मी करत आले. काकांचा चेहराही तसाच, कोरा.

मित्रांनो, आम्हाला पुसायचं तर खुशाल पुसा, पण आधी वाचा. कुणाच्या नावावर चूक टाकण्यापूर्वी तर नक्की वाचा.

काकांनी आत्ता ‘क्विट’ टाइप केलंय. बोट एंटरवर आहे. साहेब शेजारीच उभे आहेत. ते ‘थांबा’ म्हणतात का, याची काका वाट बघतायत.

साहेबांनी घड्याळात पाहिलं.

काकांनी एंटर दाबलं.