निरोगी गटातला माणूस

हृदय आणि मेंदू यांचं आपसात कसं काय चालतं, हे शोधण्याचं काम विद्यापीठाच्या तळमजल्यावर चालायचं. हृदयाची गती बदलली की मेंदूचा रक्तपुरवठा कसा बदलतो, आणि पुढे पक्षाघात कुणाला होतो, कुणाला नाही, असा तो अभ्यास. आजारी माणसांना तोटा नव्हता. तोटा होता तुलनेसाठी लागणाऱ्या धडधाकट माणसांचा. हातातली कामं टाकून कोण येऊन मेंदूची चित्रं काढणाऱ्या यंत्राच्या नळकांड्यात पडून राहील? शेवटी संशोधकांनी आपापल्या घरची माणसं धरून आणली. कुणाची मेहुणी आली, कुणाचे सासरे आले, आणि अभ्यासाच्या प्रमुख बाईंचा नवरा आला.

नवरा पोहायला शिकवायचा. काठाला घट्ट धरून उभ्या राहिलेल्या मोठमोठ्या माणसांची बोटं एकेक करून सोडवायची आणि त्यांना हसत हसत पाण्यात न्यायचं, हा त्याचा धंदा. घाबरणं म्हणजे काय ते या माणसाला ठाऊकच नाही, असं अख्खं घर मानून चाललं होतं. तोच माणूस गेल्या वर्षी सकाळी दाढी करता करता खाली बसला, तो उठलाच नाही. मेंदूची रक्तवाहिनी फुटली. ज्या आजाराच्या मागे बायको वर्षानुवर्षं हात धुऊन लागली होती, तो तिला न विचारता घरात शिरला.

अभ्यासाचा एक नियम होता. निरोगी गटातल्या कुणाला मधल्या काळात हृदयाचा किंवा मेंदूचा विकार झाला, तर त्याची नोंद त्या गटातून काढून टाकायची. नियम बाईंनीच घातलेला. आणि नवऱ्याची नोंद काढायची वेळ आल्यावर त्याच आज-उद्या करत बसल्या होत्या. त्या गटात आहे तोवर तो कुठेतरी ठणठणीत आहे, असं त्यांना वाटायचं. हा खुळेपणा आहे हे त्यांना कळत होतं, पण वळत नव्हतं.

आकडेमोड सांभाळणाऱ्या सहकाऱ्याला सगळे शास्त्री म्हणत. गेले कित्येक आठवडे तो दारातून डोकावायचा आणि परत जायचा. त्या दुपारी मात्र तो आत येऊन बसलाच.

"बाई, शोधनिबंध आज पाठवायचाय. तुम्हाला नको वाटत असेल तर मी काढतो ती नोंद. तुम्ही चहा घेऊन या."

"नको. मीच काढते," बाई म्हणाल्या. "पण आधी एकदा पूर्ण बघते."

आजवर त्यांनी नवऱ्याची साफसूफ केलेलीच नोंद पाहिली होती. यंत्रात पडलेल्या माणसाला मधूनमधून माइकवरून सूचना द्याव्या लागतात. तेवढ्यात तो हलतो, दचकतो, म्हणून सूचनेच्या आसपासचा भाग कापून टाकायची इथली पद्धत होती. न कापलेली नोंद त्यांनी आज पहिल्यांदा उघडली.

आधी त्यांना वाटलं, भलत्याच कुणाची उघडली. साफसूफ केलेल्या नोंदीत ठोके थोडे जलद होते, पण नुकताच पोहून आला असेल, म्हणून कुणी फारसं मनावर घेतलं नव्हतं. इथे ते चढतच चालले होते. अरुंद नळकांड्यात, हात-पाय न हलवता, तो माणूस चक्क घाबरलेला होता. मग ठोक्यांची रेघ एकदम खाली आली. उतू जाणारं दूध गॅस बंद केल्यावर बसतं, तशी बसली. काही वेळाने पुन्हा चढली, आणि पुन्हा तशीच उतरली.

उतरलेल्या प्रत्येक जागी एकच खूण होती. माइक सुरू.

"हा भाग तर आपण फेकून देतो," शास्त्री म्हणाला.

"हो. फेकून देतो."

त्या दिवशी माइकवर बाई स्वतःच होत्या. घरी अरे-तुरे, पण इथे शिस्त. "आपण कृपया हलू नका. अजून थोडा वेळ आहे." बाहेर आल्यावर त्याने दिवसभर तिची टर उडवली होती. "आपण काय, आपण? मला वाटलं बँकेतून कुणी बोलतंय." भीती वाटली असं एका शब्दाने म्हणाला नाही. आणि ती शहाणी, नियमाला धरून, मोजकीच वाक्यं बोलली होती.

कळलं असतं तर ती बोलतच राहिली असती. काहीही. गॅस संपत आलाय, तुझी बहीण रविवारी येणार आहे, वाळत घातलेल्या कपड्यांत तुझा एकच मोजा सापडला. अभ्यास गेला असता खड्ड्यात. आत्ताही तिला तेवढंच हवं होतं, की तो कुठेतरी पडून आहे, ऐकतो आहे, आणि माइक तिच्या हातात आहे. ही ओढ इतकी जोरात आली की तिला टेबलाची कड धरावी लागली.

शास्त्री खिडकीबाहेर बघत राहिला. माणूस समजूतदार होता.

मग तिने नोंद काढली. एक कळ दाबायची, दाबली. शास्त्रीने निरोगी गटाची सरासरी पुन्हा काढली आणि जुन्या रेघेवर नवी रेघ ठेवली. दोन्ही एकावर एक अशा बसल्या की एकच दिसत होती.

"बघा, काही फरक पडला नाही," तो म्हणाला. धीर द्यायलाच म्हणाला बिचारा.

"मोठं करा."

त्याने मोठं केलं.

"अजून."

असं करता करता पडदा भरून एकाच ठोक्याएवढा तुकडा उरला, तेव्हा कुठे रेघा सुटल्या. नवी किंचित खाली होती. तो गेल्यावर निरोगी माणसं जराशी शांत झाली होती. इतकी वर्षं त्याच्या एकट्याच्या भीतीने सगळ्यांचे ठोके तेवढे वर उचलून धरले होते.

"छापल्यावर हे दिसणारसुद्धा नाही," शास्त्री हळूच म्हणाला. "मग खालची पाठवू ना?"

"खालचीच पाठवा," ती म्हणाली. "वरची मला द्या."