टच

मी टेनिसची एक जुनी जाळी आहे, मित्रांनो, आणि सध्या माझ्या अंगावर कारली लोंबतात. हसू नका. एके काळी माझ्यावरून परदेशी पोरींचे चेंडू सुसाट जात होते आणि पंच उंच खुर्चीत बसून माझ्याकडे डोळ्यांत तेल घालून बघत होते.

कारखान्यात काळा दोरा विणून मला घडवलं, वर पांढरी पट्टी शिवली आणि नाशिकच्या एका टेनिस कोर्टवर धाडून दिलं. तिथले गोटीराम काका मला रोज सकाळी ताणून बांधत. जाळी कोणाच्याच बाजूची नसते, असं सगळे म्हणतात. पण खरं सांगते, मी दिशा आणि उज्वलाच्या बाजूची होते. दिशा शहरातली, बोलघेवडी, हरली की रॅकेट आपटणारी. उज्वला मखमलाबादची, भाजीवाल्या सिंधुबाईंची मुलगी, कामापुरतंच बोलणारी. शाळेत असल्यापासून दोघी जोडीनं खेळत. खेळण्याआधी त्या माझी उंची मोजत. एकीची रॅकेट उभी धरायची आणि तिच्यावर दुसरीच्या रॅकेटचं तोंड आडवं ठेवायचं. उंची बरोबर भरली की दोघी टाळी देत. दुपारी मी रिकामी असले की उगाच त्या टाळीची वाट बघायचे. आजही ती आठवली की जीव कासावीस होतो.

मग महिलांची व्यावसायिक स्पर्धा नाशिकला आली. मुख्य कोर्टला नवी कोरी जाळी लागली. दुहेरीचे सामने मागच्या कोर्टवर, म्हणजे माझ्याकडे आले. दुहेरीला प्रेक्षक कमीच असतात. चार ओळखीचे, दोन चुकून आलेले. आयोजकांनी आमच्या जोडीला थेट प्रवेश दिला होता आणि पोरी बघता बघता उपांत्य फेरीत पोहोचल्या.

त्या सकाळी सिंधुबाई बाजारातली भाजी विकून तशाच कोर्टवर आल्या. उज्वलाला मनमाडला रेल्वेत नोकरी लागली होती आणि तिला मात्र दिशाबरोबर गावोगावच्या स्पर्धा खेळायच्या होत्या.

"लय झालं खेळणं," सिंधुबाई म्हणाल्या. "पण फायनलला पोचली तर नोकरीचं मी बघते. सहा महिने खेळ. नाय पोचली तर सोमवारी गपगुमान मनमाडला."

"चालेल, मावशी," उज्वलाच्या आधी दिशाच म्हणाली.

समोर थायलंडच्या दोघी होत्या, चपळ आणि हसतमुख. एक सेट त्यांचा, एक आमचा. मग निर्णायक टायब्रेक. दहा गुण आधी करील ती जोडी जिंकणार, फक्त दोनची आघाडी हवी. नऊ-आठ. आमच्या पोरींना एकच गुण हवा होता. दिशानं मागून असा स्मॅश मारला की चेंडू टप्पा पडून कुंपणाकडे उडाला. थायलंडची एक पोर त्याच्यामागे धावत होती. सगळ्यांच्या नजरा तिकडेच, पंचांचीही. त्याच क्षणी पुढे उभ्या असलेल्या उज्वलाच्या रॅकेटचं टोक माझ्या पट्टीला निसटतं लागलं.

चेंडू खेळात असताना खेळाडूची रॅकेट मला लागली की गुण जातो, असा नियम आहे. पण लागलं किती? वारासुद्धा मला त्याहून जोरात लागतो! पंचांनी सामना संपल्याचं जाहीर केलं. दिशा नाचत पुढे आली. मी मनात म्हणत होते, गप्प बस पोरी, एवढी एक वेळ गप्प बस.

उज्वलानं हात वर केला. "टच. माझी रॅकेट लागली."

दिशाचे पाय थबकले. "लागली? कोणी बघितलं?"

"मी."

नऊ-नऊ झाले. पुढचे दोन्ही गुण समोरच्या दोघींनी घेतले. हरल्यावर माझ्यावरून चौघींचे हात मिळाले, पण आमच्या दोघींचे एकमेकींशी मिळाले नाहीत.

"निदान मला विचारायचंस," दिशा बॅग भरत म्हणाली. "मॅच दोघींची होती."

"विचारलं असतं तर तू काय म्हणाली असतीस?"

दिशानं बॅगची चेन ओढली आणि ती एकटीच निघून गेली. सोमवारी उज्वला मनमाडला गेली. त्याच आठवड्यात मलाही काढलं. गोटीराम काकांनी माझी गुंडाळी करून मला खोलीतल्या माळ्यावर टाकलं. अंधार, धूळ आणि उंदीर. बाहेर चेंडू वाजायचे, पण कोणाचे ते कळायचं नाही. एक दिवस सिंधुबाईंनी मळ्यातल्या वेलांना आधार म्हणून मला मागून नेलं, तेव्हा कुठे ऊन दिसलं.

परवा उज्वला सुट्टीला घरी आली होती आणि माझ्यावरची कारली तोडत होती. बांधावर स्कूटी थांबली. दिशा उतरली आणि माझ्या पलीकडे येऊन उभी राहिली.

"गेल्या आठवड्यात बाहेरगावी खेळत होते," ती म्हणाली. "माझी रॅकेट नेटला लागली. कोणी बघितलं नाही. आणि माझा हात आपोआप वर गेला गं."

"मग?"

"मग काय, हरलो. ती आरोही, माझी नवी जोडीदार, माझ्याशी बोलतच नाही."

उज्वलानं आणखी एक कारलं तोडून पाटीत टाकलं. "बोलेल," ती म्हणाली. "वर्षभर लागतं एखादीला."

दिशा खळखळून हसली आणि हसता हसता रडायला लागली. उज्वलानं वेलातून हात पलीकडे घातला आणि तिचा हात घट्ट धरला. दोघींच्या मनगटांचं ओझं माझ्या फाटक्या पट्टीवर आलं. सिंधुबाई घरातून ओरडल्या, "आता तिथंच उभ्या ऱ्हाता का? च्या निवतोय!"

मित्रांनो, तुमच्याकडेही एखादी जुनी वस्तू माळ्यावर गुंडाळून पडली असेल. तिला खाली काढा, झटका, काहीतरी काम द्या. आणि कोणाशी अबोला धरला असेल तर तो आजच सोडा. वर्ष फार मोठं असतं हो. मी त्यातलं बरंचसं अंधारात काढलंय.