पावण्याची झाडे

प्रातःकाळी स्नान झाले की भाऊसो दारातल्या कण्हेरीची फुले परडीत वेचीत, गच्चीवर जाऊन दूरच्या जोतिबाच्या डोंगराला हात जोडीत, आणि मग खाली येऊन पूजेला बसत. कण्हेर त्यांच्या पत्नीने, बनाबाईंनी, लावलेली होती. त्यांना जाऊन आता तिसरा पावसाळा सरत आला होता. झाड मात्र पूर्वीसारखेच भरभरून फुलत असे.

पूजा आटोपली की त्यांचे दुसरे नित्यकर्म सुरू होई. पुढच्या खोलीत, पूर्वेच्या खिडकीपाशी, जाळीचा पुरुषभर उंच पिंजरा होता आणि त्यात एक शॅमेलिऑन, रंग बदलणारा परदेशी सरडा, राहत होता. अंग हिरवे, त्यावर पिवळसर पट्टे, माथ्यावर शिरस्त्राणासारखा उंच तुरा. एक डोळा खिडकीकडे वळलेला असे तेव्हा दुसरा भाऊसोंवर खिळलेला असे. त्यांच्या एकुलत्या मुलाने, पृथ्वीराजने, कॉलेजात असताना तो रीतसर नोंद करून घरी आणला होता. त्या दिवशी बनाबाई पदर सावरून पिंजऱ्यासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ह्यो कुठला पावणा आणलास रं?" तेच नाव त्याला कायमचे चिकटले.

पुढे बनाबाई गेल्या. पृथ्वीराज दुधाच्या यंत्रांच्या कामासाठी नेदरलँड्सला गेला. कळंब्याच्या त्या घरात भाऊसो आणि पावणा असे दोघेच उरले, आणि दोघेही मितभाषी. रविवारी फोन येई.

"आबा, तब्येत बरी हाय न्हवं?"

"बरी हाय."

"आणि पावणा?"

"त्योबी बरा हाय."

एवढ्यावर दोन्ही टोकांचे शब्द संपत. फोन ठेवल्यावर भाऊसोंना सांगण्यासारख्या कितीतरी गोष्टी आठवत. पण त्या सांगण्यासाठी कसे सुरू करावे, ते मात्र आठवत नसे. बोलणे बनाबाई चालवीत. बापलेक त्यांच्या बोलण्याच्या सावलीत बसत.

पावसाळ्याच्या अखेरीस एके सकाळी भाऊसोंच्या लक्षात आले की पिंजऱ्यातल्या प्लास्टिकच्या वेलीची पाने कुरतडलेली आहेत. त्यांनी फोटो पाठवला. संध्याकाळी, रविवार नसताना, फोन वाजला.

"आबा, ती प्लास्टिकची पानं सगळी काढून टाका. पोटात गेली तर मरंल त्यो. आता खरी झाडं लावूया. पर मला दाखवल्याबिगर एकबी झाड आत ठेवायचं न्हाय."

"दारातली कण्हेर हाय की. फांदी रोवली तर लगीच धरंल."

"कण्हेर? आबा, इख हाय त्ये! पान चावलं तरी खेळ खलास."

"इख कसं? देवाला वाहतोय की आपण."

"देवाला चालतंय, पावण्याला न्हाय."

भाऊसोंना हसू आले. पलीकडे पृथ्वीराजही हसला. कित्येक महिन्यांत असे घडले नव्हते.

दुसऱ्या दिवशी ते तलावाकडच्या रस्त्यावरील यल्लव्वाच्या नर्सरीत गेले आणि एक जास्वंद घेऊन आले. फोटो गेला, फोन आला. "जास्वंद एक नंबर," पृथ्वीराज म्हणाला. "त्यो फुलंसुद्धा खाईल. पर नर्सरीत औषध मारत्यात, खत घालत्यात. पानं दोन्ही अंगांनी धुवा, माती सगळी बदला, थोडे दिस भाईर ठेवा आणि मगच आत घ्या. त्यो पानावरचं पाणी पितोय, ध्यानात हाय न्हवं?" मग, बोलता बोलता, आवाज किंचित खाली आला. "आई कळी बघून सांगायची, उद्या उमलंल म्हणून. आणि उमलायचीच."

"व्हय," भाऊसो म्हणाले. "कधी चुकली न्हाय."

त्या संध्याकाळी दिवेलागणीपासून बोलणे सुरू झाले ते वरणाचा कुकर थंड होईपर्यंत चालले. भाऊसोंनी मनाशी एक नवा नेम धरला. एका वेळी एकच झाड आणावे. झाड म्हणजे फोन, हे त्यांना उमगले होते.

मग ते आठवड्याला एकदा नर्सरीत जाऊ लागले. लांब पट्टीसारख्या पानांचा स्पायडर प्लांट आणला; तो चालला. त्यानंतर तगरीचा फोटो पाठवला. तगरीची फांदी मोडली की चीक येतो आणि म्हणून ती चालणार नाही हे त्यांना एव्हाना ठाऊक झाले होते, तरी पाठवला. मुलगा सविस्तर समजावून सांगू लागला आणि बाप प्रथमच ऐकत असल्यासारखा हुंकार देत राहिला. पुढच्या खेपेस क्रोटन झाले. तेही नाकारले गेले, तेही सविस्तर.

यल्लव्वा निपाणीकडची; बोलणे रोखठोक. एके दिवशी ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "भाऊसो, सून बघाय आल्यागत एकेक रोप काय बघतासा? घ्या की सगळी एकदम. टेंपोत घालून देतो."

"घाई कशाला? इचारून घ्यावं लागतं."

"कुणाला? सरड्याला?"

"पोराला. तिकडनं फोन करतोय त्यो, झाड बघून."

 यल्लव्वाने भाऊसोंच्या हातातला नेचा हळूच काढून घेतला आणि सावलीच्या मांडवात परत टांगला. "ह्यो म्होरच्या आठवड्याला न्या," ती म्हणाली. "ठेवतो तुमच्यासाठी."

इकडे पिंजऱ्यात मात्र दोनच कुंड्या होत्या. पावण्याला अंग लपवायला पुरेशी पाने नव्हती. रस्त्यावरून टेंपो गेला की तो जाळीला घट्ट धरून कोपऱ्यात जाई. त्याचा हिरवा रंग दिवसेंदिवस मळकट होत गेला, पट्टे काळवंडले. भाऊसो ते पाहत आणि मनाची समजूत घालीत, पुढच्या आठवड्यात नेचा येईलच.

त्यांच्या घरी निर्माल्य पायदळी जाऊ देत नसत. देवावरून उतरलेली फुले बनाबाई नेहमी कुठल्या ना कुठल्या कुंडीच्या मातीत ठेवीत. त्या सकाळी पूजा झाली, भाऊसो निर्माल्याचे ताम्हन घेऊन उठले. जास्वंदीची पाने धुण्यासाठी पिंजरा उघडाच होता. ओंजळ आपली वाट जाणत होती. फुले जास्वंदीच्या बुंध्याशी ठेवली गेली. दुपारी त्यांनी जास्वंदीच्या नव्या कळीचा फोटो पाठवला.

फोन तत्काळ वाजला.

"आबा, कुंडीत त्ये गुलाबी काय हाय?"

भाऊसोंनी पिंजऱ्याकडे पाहिले. "निर्माल्य," ते म्हणाले. "कण्हेरीचं."

"काढा आदी! हात धुवा. त्यानं खाल्लं का?"

भाऊसोंनी एकेक फूल उचलले. सगळी शाबूत होती. "न्हाय. तोंड लावल्यालं न्हाय."

"मला दाखवा त्याला." फोनवर मुलाचा चेहरा जवळ आला. "आणि ह्यो काळा का पडलाय? बाकीची झाडं कुठं हाईत? इतक्या दिसांत दोनच?"

भाऊसोंनी हातातली फुले ताम्हनात ठेवली.

"आबा, जमत नसंल तर सांगा. पुण्यात माझी मैत्रीण हाय, मोना. ती पाळती असली जनावरं. तिच्याकडं पाठवूया. तुमाला तरी कशाला तरास?"

"तरास न्हाय," एवढेच त्यांच्या तोंडून निघाले.

फोन ठेवून ते पिंजऱ्यासमोर पाटावर बसले. पावणा डोळे मिटून बसला होता. पृथ्वीराजच्या हातांनी घरात आणलेला हा एकच जीव उरला होता, आणि त्याच्याच हालांवर आपण मुलाचा आवाज विकत घेत होतो, हे त्यांना स्पष्ट दिसले. त्यांनी जास्वंदीची माती समूळ काढून टाकली, कुंडी घासली, पाने पुन्हा धुतली, आणि सूर्यास्तापर्यंत तेथून हलले नाहीत. तिन्हीसांजेला पावण्याने डोळा उघडला, जीभ फेकून एक किडा टिपला. भाऊसोंनी देवघराकडे वळून हात जोडले.

दुसऱ्या दिवशी ते नर्सरीत जाऊन म्हणाले, "सगळी द्या."

"सगळी?" यल्लव्वाने विचारले. "आणि फोन?"

"पावणा जगला पायजे."

नेचे आले, अरेका पाम आला, आणखी एक उंच जास्वंद आली. सगळ्यांचे फोटो एकदमच गेले आणि एका शब्दात होकार आला. भाऊसोंनी प्रत्येक पान ओल्या फडक्याने दोन्ही अंगांनी पुसले, जणू अभिषेकानंतर मूर्ती पुसावी. माती बदलली, झाडे ओसरीत ठेवून नेमाने धुतली. पावण्याने माती खाऊ नये म्हणून कुंड्यांवर नदीतले गोटे रचले. निर्माल्यासाठी कण्हेरीच्याच बुंध्याशी जागा केली. मग एके सकाळी सारी झाडे आत गेली.

पावणा पामच्या झावळीवर चढला, क्षणभर डोलला आणि पानांत नाहीसा झाला. पुढच्या काही दिवसांत त्याचे हिरवेपण परत आले. आता त्याला पाहायचे तर तिष्ठत उभे राहावे लागे. तो पानाआडून दिसला की दर्शन घडल्याचे समाधान होई. एका जास्वंदीच्या फुलाची पाकळी अर्धी खाल्लेली आढळली तेव्हा भाऊसोंनी संपूर्ण पिंजऱ्याचा फोटो काढला. आता दाखवण्यासारखे काही उरले नाही, हे त्यांना ठाऊक होते. तरी त्यांनी तो पाठवला.

दिवेलागणीला फोन आला.

"आबा, लई झकास! पावणा दिसतच न्हाय की."

"त्येच पायजे हुतं न्हवं?"

"व्हय व्हय. त्येच."

"मग पुण्याला..."

"न्हाय, ऱ्हाऊ दे तुमच्याकडं. त्यादिशी मी लई बोललो." मग त्याने विचारले, "आता आणि काय आणायचं राहिलं का?"

भाऊसोंच्या जिभेवर दोनचार झाडांची नावे आली. ती त्यांनी गिळली.

"काय न्हाय. सगळं झालं."

 फोन मात्र बंद झाला नाही. तिकडे कुठेतरी सायकलची घंटी वाजली; इकडे पामच्या पानावरून एक थेंब गोट्यावर पडला. दोघे तसेच फोन धरून राहिले.

"आबा," पृथ्वीराज अखेर म्हणाला, "दारातली कण्हेर दाखवा की जरा."

भाऊसो चपला न घालताच बाहेर आले. थोडा उजेड अजून होता. त्यांनी फोन झाडासमोर धरला.

"बहर हाय की लई."

"हाय."

"आईनं कट्टा बांधून घेतलाता, त्यो दिसंना."

"खाली हाय. थांब."

गुडघ्यावर हात टेकून ते कष्टाने कट्ट्यावर बसले आणि फोन शेजारी, बनाबाई बसत त्या जागी, झाडाकडे तोंड करून धरला. हात अवघडला. त्यांनी तो खाली केला नाही.

"दिसतंय का?" त्यांनी विचारले.

"दिसतंय," मुलगा म्हणाला. "ऱ्हाऊ द्या तसंच."