पलंगाची जागा

नव्या घराचा गिलावा दोन दिवसांवर आला होता. एसी पुढेमागे कधीतरी घ्यायचा होता, पण त्याचे तांब्याचे पाइप वायरमन आत्ताच भिंतीत बसवून ठेवणार होता. हातात खडू घेऊन त्याने विचारलं, "पलंग कुठे येणार? गार वारा थेट डोक्यावर नको."

"डबल बेड ना? या भिंतीला," घरमालक म्हणाले. ते नुकतेच निवृत्त झालेले ग्रंथपाल होते.

"इथे माझा एकटीचा पलंग," त्यांची बायको म्हणाली. "यांचा शेजारच्या खोलीत. तीस वर्षं घोरणं ऐकलं, आता पुरे."

तिच्या आवाजात राग नव्हता. ग्रंथपाल हे पहिल्यांदाच ऐकत होते. त्यांचे कान लाल झाले. ते शेजारच्या खोलीत गेले, चारही भिंतींकडे बघत बराच वेळ उभे राहिले आणि मग तिथूनच ओरडले, "माझा पलंग या मधल्या भिंतीला!"

"अहो, मग घोरणं इकडे ऐकू येईल."

"येऊ दे. एखाद्या दिवशी नाही आलं, तर येऊन बघ."

तिने वायरमनला मानेनेच हो म्हटलं. वायरमनने दोन्ही खोल्यांत खुणा केल्या आणि छिन्नी उचलली.